रिंगा बदलूनही कॉम्प्रेसर तेल फेकतोय? खोलण्याआधी आणि खोलल्यावर काय बघायचं

कापूस निघाला की माझा फोन वाजायला लागतो. "भो, मशीन पुन्हा तेल फेकी ऱ्हायनं. दिवाळीतच तं नव्या रिंगा टाकल्या होत्या." जिनिंगवाले, डाळमिलवाले, हायवेवरचे टायरवाले, सगळ्यांचं वाक्य एकच. जळगाव एमआयडीसीत फिटर म्हणून वीस वर्षांच्या वर झाली. तेल फेकणारे, म्हणजे हवेबरोबर तेलही बाहेर सोडणारे कॉम्प्रेसर किती खोलले ते मोजलं नाही, पण एवढं नक्की सांगतो की जिथे नव्या रिंगा टाकूनही तेल येत राहिलं, तिथे बहुतेक वेळा एक तर रिंगचा दोषच नव्हता, नाहीतर रिंग उलटी बसली होती.

लक्षणं

टाकीच्या तळाचा कॉक उघडला की पाण्याऐवजी काळपट तेलकट पाणी येतं. पाण्यावर तेलाचा हलका तवंग कोणत्याही तेलवाल्या पिस्टन कॉम्प्रेसरला असतोच, त्याने घाबरू नका. मूठभर तेलच येत असेल तर मात्र गडबड आहे. पावसाळ्यात दुधासारखं पांढरट पाणी आलं तर तो हवेतला ओलावा तेलात मिसळलेला असतो, त्यावरून थेट रिंगेवर आळ घेऊ नका.

दुसरं, तेल दाखवणाऱ्या काचेतली पातळी आठवड्यात खाली जाते आणि जमिनीवर मात्र थेंब नाही. तिसरं, हेडमधून (सिलिंडरच्या झाकणातून) निघणारा डिलिव्हरी पाइप आतून ओला आणि व्हॉल्व्हच्या पट्ट्यांवर डांबरासारखा थर. बाकी लक्षणं हवा कशाला वापरता त्यावर ठरतात. डाळमिलीत सॉर्टेक्सचे, म्हणजे रंग बघून डाळ निवडणाऱ्या मशीनचे, हवा मारणारे इजेक्टर अडकतात, मग चांगली डाळ उडते आणि काळा दाणा सरळ पुढे जातो. स्प्रे पेंटिंगला रंगात डोळे पडतात. पाण्याच्या बाटल्या फुगवणाऱ्या कारखान्यात तर बाटलीलाच तेलाचा वास येतो, आणि मग मालक रात्री अकरालाही फोन करतो.

खात्री करायची सोपी रीत: हवेच्या नळीपुढे वीतभर अंतरावर पांढरा कागद अर्धा मिनिट धरा. नुसतं ओलं झालं तर कागद वाळल्यावर कोरा होतो, तेल असेल तर उजेडात पारदर्शक डाग राहतो. आणि एक वही करा. किती तास मशीन चाललं, किती तेल वरून घातलं. ही वही नसेल तर "खूप तेल खातो" याला काही अर्थ नाही.

तुमचं मशीन कोणतं?

हे आधी कळायला हवं, कारण "ऑइल स्क्रॅपर रिंग" या एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू फिरतात. पट्ट्यावर चालणारा, व्ही आकाराचा, फिनवाला छोटा कॉम्प्रेसर असेल तर ही रिंग पिस्टनवर, हवेचा दाब अडवणाऱ्या कॉम्प्रेशन रिंगांच्या खाली असते. लायनरवरचं (पिस्टन ज्या नळीत चालतो तिच्यावरचं) जादा तेल खरवडून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे तेलाच्या पेटीत, ढकलणं हे तिचं काम. मोठं, क्रॉसहेडवालं (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामध्ये सरळ चालणारा वेगळा रॉड असलेलं) मशीन असेल तर ती पिस्टन रॉडभोवती, एका डबीत, तुकड्यातुकड्यांची असते. रॉड क्रँककेसमधून वर येताना जे तेल घेऊन येतो ते ती तिथेच अडवते.

तुमच्याकडे स्क्रू कॉम्प्रेसर असेल तर यातलं काहीच लागू नाही. त्यात रिंगाच नसतात. तिथे तेल आलं तर सेपरेटर आणि तेल परत आणणारी बारीक नळी बघा. एका भाऊने मला स्क्रूच्या रिंगा किती रुपयांना पडतील असं विचारलं होतं, म्हणून लिहितोय.

फुकटातल्या तपासण्या

मशीन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि पातळी बघा. काचेच्या मध्यापासून थोडं वर, बस. रोज सकाळी "थोडं टाकून ठेवतो" म्हणणारा माणूस प्रत्येक कारखान्यात असतो. छोट्या मशीनमध्ये कनेक्टिंग रॉडच्या टोकाचा चमचा तेलात बुडून ते उडवतो. पातळी वर गेली की चमचा जास्तच उडवतो, लायनरवर इतकं तेल पडतं की कितीही चांगली रिंग ते पूर्ण खरवडू शकत नाही. मशीन तिरकं उभं असेल तर काच खोटं सांगते, हेही बघा.

मग तेल कोणतं आहे ते विचारा. ट्रॅक्टरसाठी आणलेलं इंजिन ऑइल घालणं हा आपल्याकडचा जुना रोग. इंजिन ऑइलमधलं डिटर्जंट ओलावा धरून ठेवतं, फेस होतो, व्हॉल्व्हवर कार्बन चढतो. पिस्टन कॉम्प्रेसरला कॉम्प्रेसरचंच तेल हवं, साधारण व्हीजी १०० नाहीतर ६८, मशीनच्या पाटीवर असेल ते. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास खेळतो. पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या मशीनच्या हेडची काय अवस्था होत असेल! तिथे पातळ तेल पाण्यासारखं होतं आणि रिंगेजवळून सहज वर जातं. मशीन भिंतीपासून हातभर पुढे ओढा. याला रुपयाही लागत नाही.

तिसरा सक्शन फिल्टर. खान्देशात हा वेगळा सांगावा लागतो, कारण आपल्याकडे नुसती धूळ नाही, रुई आहे. जिनिंगच्या हंगामात फिल्टरवर रुईची अशी गादी बसते की खालचा कागद दिसत नाही. डाळमिलीत तेच काम भुसा करतो. फिल्टर बंद झाला की पिस्टन खाली जाताना सिलिंडरमध्ये हवा पुरत नाही, वर पोकळी तयार होते, आणि ती पोकळी रिंगांच्या बाजूने खालून तेल ओढून घेते. चोपड्याकडच्या एका जिनिंगमध्ये मी नुसता फिल्टर काढून मशीन पाच मिनिटं चालवलं आणि आवाजच बदलला. नवा फिल्टर बसवला, पंधरा दिवसांनी वही बघितली, तेल थांबलं होतं. नव्या रिंगा कपाटात तशाच पडून होत्या. आता ते सक्शनचा पाइप शेडबाहेर काढून वर जाळी लावतात. फिल्टर काढून मशीन फार वेळ चालवू नका, आत गेलेली धूळ लायनर घासते.

चौथा ब्रीदर. क्रँककेसमध्ये रिंगांजवळून थोडी हवा गळतेच, ती बाहेर जायला हा छोटा श्वास ठेवलेला असतो. तो तेल-मातीने बुजला की खाली दाब चढतो आणि तेलाला वर ढकलतो. काढून धुवा, फुंकून बघा. ब्रीदर साफ असूनही त्यातून भकाभक धूर-हवा येत असेल तर कॉम्प्रेशन रिंगा किंवा लायनर झिजलाय, म्हणजे खोलण्याची वेळ आली.

पाचवं, मशीन गरजेपेक्षा मोठं आहे का? दिवसभर अनलोड, म्हणजे हवा न दाबता नुसतं फिरत, चालणाऱ्या मशीनमध्ये पिस्टनच्या वर दाबच नसतो. कॉम्प्रेशन रिंगांना लायनरवर दाबून धरायला तो वरचा दाबच मदत करतो. तो नसला की तेल जास्त वर चढतं. इथे रिंग बदलून काही होत नाही, प्रेशर स्विचची सेटिंग किंवा मशीनचा आकार बदलावा लागतो.

हे पाचही बघायला सकाळ पुरते. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्या इथेच संपतात.

आता खोलायचं

मेन स्विचचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. टाकी पूर्ण रिकामी करा, काटा शून्यावर आल्यावरही कॉक उघडाच ठेवा. ऑटो स्विचवालं मशीन दाब उतरला की आपोआप सुरू होतं. हात फ्लायव्हीलजवळ असताना ते कधी सुरू होईल याचा भरवसा नाही.

हेड काढल्यावर लगेच पुसू नका, आधी बघा. दोन सिलिंडरपैकी एकाच बाजूचे व्हॉल्व्ह ओले असतील तर दोष त्याच बाजूला. पिस्टनच्या माथ्यावर कडेने कार्बन धुऊन निघालेला स्वच्छ पट्टा दिसला तर तेल रिंगांजवळूनच वर येतंय.

पिस्टन काढला की जुनी स्क्रॅपर रिंग उतरवण्याआधी तिची वरची बाजू खडूने खूण करा. मग तिची बाहेरची कड उजेडात धरा. इथेच सगळी मेख आहे. बऱ्याच स्क्रॅपर रिंगांची बाहेरची बाजू सरळ नसते, किंचित उतरती असते. उतार एक-दीड अंशाचा, नव्या रिंगेत डोळ्यांना दिसत नाही. धारदार कड खाली, क्रँककेसकडे हवी आणि उताराची बाजू वर, हेडकडे. पिस्टन खाली जाताना खालची धार तेल खरवडून नेते. वर जाताना उतारामुळे रिंग तेलाच्या थरावरून अलगद घसरते. उलटी बसवली तर ती नेमकं उलटं काम करते, प्रत्येक फेरीला थोडं तेल वर उपसते. विहिरीवरची मोटच म्हणा. पायरीवाल्या रिंगेला खालच्या बाजूला कापलेली खाच असते, तिलाही हाच नियम. वापरलेल्या उतरत्या रिंगेवर घासून चकाकलेली बारीक रेघ असते. ती खालच्या कडेला असेल तर रिंग सरळ होती. वरच्या कडेला असेल तर तुमचा चोर सापडला.

एका डाळमिलीत एका हंगामात तीनदा रिंगा बदलल्या गेल्या होत्या. चौथ्यांदा मला बोलावलं. रेघ वरच्या कडेला. तिथल्या पोराला विचारलं, कशी बसवली? म्हणाला, "जुनी जशी निघाली तशीच बसवली ना काका." तेच चुकलं. पहिल्याने कधीतरी उलटी बसवली आणि पुढच्या तिघांनी त्याची नक्कल केली. म्हणून जुनी कशी होती यावर कधीच जाऊ नका. रिंगेच्या सपाट बाजूवर, तोंडाजवळ, टॉप किंवा नुसता ठिपका कोरलेला असतो, ती बाजू हेडकडे. खूण नसेल तर पट्टी आणि उजेड घेऊन उतार शोधा, नाहीतर दुकानदाराकडून त्या मॉडेलचं चित्र मागा. दोन कडांची, मध्ये चिरा असलेली, आत स्प्रिंग असलेली रिंग बहुतेक दोन्ही बाजूंनी सारखी असते, तिला वर-खाली नाही. पण तिची स्प्रिंग जिथे जोडली जाते ती जागा रिंगेच्या तोंडाच्या बरोबर समोर, १८० अंशांवर हवी.

नवी रिंग पिस्टनवर चढवण्याआधी लायनरमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकला आणि तोंडाची फट फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. बिडाच्या रिंगेला १०० मिमी बोअरला (लायनरच्या आतल्या व्यासाला) साधारण ०.३ ते ०.४ मिमी, पण मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर तेच खरं. फट फार कमी असेल तर रिंग तापून फुगते, टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते किंवा लायनर ओरखडतो. हीच रिंग लायनरच्या खालच्या न झिजलेल्या भागात आणि वरच्या झिजलेल्या भागात, दोन्हीकडे मोजा. दोन फटींतला फरक ३.१४ ने भागला की लायनर व्यासात किती झिजलाय ते कळतं. खाली ०.३ आणि वर ०.९ आली तर फरक ०.६, म्हणजे व्यासात जवळपास ०.१९ मिमी झीज. बोअर गेज नसलेल्या गावात ही युक्ती माझ्या फार कामी आली. झीज मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर असेल तर नव्या रिंगा म्हणजे पैसे पाण्यात.

पिस्टनचा खोबणा तुटक्या जुन्या रिंगेच्या टोकाने खरवडा. स्क्रॅपर रिंगेच्या खोबण्यात आत तेल परत जायची भोकं असतात, ती मोकळी हवीत. भोकं कार्बनने बुजली तर खरवडलेलं तेल जाणार कुठे? रिंगेच्या मागेच साठतं आणि वर जातं. योग्य मापाचं ड्रिल हाताने फिरवा, मशीनवर लावून भोक मोठं करू नका. रिंग खोबण्यात वर-खाली जास्त हलत असेल तरी ती तेल उपसते; खोबणा झिजला असेल तर पिस्टनच बदला.

चढवताना रिंग एक्स्पांडर वापरा, नसेल तर तीन पातळ पत्र्याच्या पट्ट्या. बोटांनी ताणून चढवलेली बिडाची रिंग तुटली नाही तरी वाकते, मग ती गोल राहत नाही. सगळ्या रिंगांची तोंडं एका ओळीत आणू नका, तीन असतील तर १२० अंशांवर फिरवा. लायनर काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर होनिंगने (घासदगडाने आतून घासून) आडवी-तिरपी बारीक जाळी काढून घ्या, नाहीतर नवी रिंग बसत नाही. होनिंगनंतर साबणाच्या गरम पाण्याने धुवा, पांढरं फडकं फिरवून काळं येत नाही तोवर. घासकण मागे राहिले तर नव्या रिंगा महिनाभरात संपतात.

रॉडवरची स्क्रॅपर रिंग

मी शिकाऊ होतो तेव्हाची माझी चूक. तीन तुकड्यांची पितळी रिंग, कडा धारदार. मला वाटलं ही बर (कापताना राहिलेली धातूची कूस) आहे, हाताला लागतेय. बारीक एमरी पेपर घेऊन सगळ्या कडा मऊ केल्या. उस्ताद आले, रिंग हातात घेतली आणि काही न बोलता माझ्या पगारातून एक सेट मागवला. ती धारच खरवडण्याचं काम करते. तिला एमरी, फाइल, काही लावायचं नाही. रॉड घालताना त्याच्या टोकाचे आटेही धार खातात, म्हणून टोकावर निमुळतं स्लीव्ह घालूनच रॉड आत न्या.

धार क्रँककेसकडे. तुकड्यांवर आकडे किंवा अक्षरं असतात, त्याच क्रमाने जोडा, एका रिंगचा तुकडा दुसरीत घालू नका. गार्टर स्प्रिंग (तुकड्यांना बाहेरून आवळणारी गोल स्प्रिंग) सैल पडलेली असेल तर बदला. रिंग रॉडवर बसल्यावर तुकड्यांच्या टोकांमध्ये थोडी फट दिसलीच पाहिजे. टोकं एकमेकांना भिडली तर रिंग आणखी आवळूच शकत नाही, रॉडवर सैल फिरते आणि तेल सोडते. जुन्या रिंगांत हेच होतं: आतली कड झिजते, तुकडे जवळ येत येत शेवटी भिडतात. धार रॉडला सगळीकडे टेकते का बघायला रॉडवर निळा रंग अगदी पातळ फासा, रिंग हाताने थोडी फिरवा आणि कडेवर रंग सलग उमटला का बघा.

आणि तेल परत जायची वाट. डबीच्या खालच्या अंगाला ड्रेनची भोकं असतात, ती खालीच आली पाहिजेत. गॅस्केट फिरवून बसवलं तर भोक झाकलं जातं. गॅस्केट पेस्ट भसाभस लावणारे लोक आहेत, ती आत दाबली जाते आणि भोक बुजवते. बाटल्यांच्या एका कारखान्यात नव्या कोऱ्या रिंगा होत्या, भोकात मात्र लाल पेस्टचा गोळा. काडीने काढला, काम संपलं.

रॉडवर बोटाचं नख फिरवा. लांबीच्या दिशेने नखाला लागेल असा चरा असेल तर कोणतीही रिंग तिथून तेल सोडणारच. मायक्रोमीटरने स्ट्रोकच्या मध्ये आणि दोन्ही टोकांना मोजा. मधला भाग बारीक झालेला असतो.

फिरणाऱ्या शाफ्टच्या ऑइल सीलबद्दल एवढंच: स्प्रिंग असलेला ओठ तेलाच्या बाजूला. ब्लोअर-गिअरबॉक्सवाले इथेच चुकतात.

बसवल्यानंतर

पहिल्या दिवशी तेल दिसलं म्हणून पुन्हा खोलू नका. नवी रिंग लायनरशी जुळायला वेळ घेते. पहिला अर्धा तास बिनदाब चालवा, मग हळूहळू दाब चढवा, आणि पहिले पन्नास तास वहीत तेल लिहा. आकडा उतरत गेला तर सोडून द्या.

इथे थांबा, माणूस बोलवा

डिलिव्हरी पाइपात कार्बनचा जाड थर असेल आणि हेड नेहमीपेक्षा फार तापत असेल तर मशीन बंद करा. तो थर गरम हवेत पेट घेऊ शकतो. आणि कॉम्प्रेसर आतून रॉकेल-पेट्रोलने धुऊन लगेच सुरू करण्याचा जो प्रकार मी कित्येक ठिकाणी बघितला, तो करू नका. वाफ आत राहिली तर दाबाखाली स्फोट होतो.

रॉडला चरा, लायनरला तडा, क्रँक हाताने हलवल्यावर ठक आवाज, रॉड एका बाजूला झुकून चालतोय, यातलं काहीही दिसलं तर हत्यारं खाली ठेवा. रॉड ग्राइंड करणं आणि डायलने अलाइनमेंट काढणं हे मशीन शॉपचं काम.

बाटल्यांची हाय-प्रेशर मशीनं ४० बारपर्यंत दाब देतात. तिथे डबी उघडायची तर कंपनीच्या माणसानेच. रावेर-यावलकडच्या कोल्ड स्टोरेज आणि बर्फ कारखान्यांतले अमोनियाचे कॉम्प्रेसरही तेल फेकतात, त्यातही स्क्रॅपर रिंगच असते, वरचं सगळं तत्त्व तेच आहे. पण अमोनिया डोळे आणि श्वास दोन्ही घेतो. माझ्याकडे त्याचं ट्रेनिंग नाही, म्हणून ती कामं मी घेत नाही.